ऑइल पेस्टलचे चित्र मळते आणि कागद रंग घेईनासा होतो, तेव्हा काय करावे

चित्रकलेच्या तासाला समोर रातांबा म्हणजे कोकमाचे फळ, तिसऱ्या नावाच्या शिंपल्यांचे कवच, जांभ्याचा तुकडा किंवा फणसाचे पान ठेवून ऑइल पेस्टलने चित्र काढायला सांगितले की सुरुवातीला सगळे सुरळीत चालते आणि अर्धा तास होत आला की जवळजवळ प्रत्येक वर्गात तीच तक्रार सुरू होते. पिवळा रंग हिरवट-करडा उमटू लागतो, लाल फळावर मातकट छटा येते, कितीही जोर लावला तरी खडू कागदावरून नुसता घसरतो आणि रंगाच्या बारीक कण्या तळहाताला चिकटून चित्रभर फिरतात. मूल हिरमुसते, पालक पुढच्या बाजाराला आणखी महाग पेटी आणतात आणि त्या पेटीतूनही तसेच मळके चित्र बाहेर पडते. या तक्रारीचे मूळ बहुतेक वेळा रंगांच्या क्रमात आणि हाताच्या दाबात असते. त्याखालोखाल दोष आपल्या कोकण किनाऱ्यावरच्या दमट हवेचा असतो आणि पेटीच्या किमतीचा संबंध फारच थोडा असतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

उपाय करण्यापूर्वी बिघाड नेमका कुठे आहे हे ओळखावे, कारण ‘रंग मळतो’ आणि ‘कागद रंग घेत नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांवरचे उपायही वेगळे आहेत. त्याच कागदाच्या कोऱ्या कोपऱ्यावर पिवळ्या खडूची एक हलकी रेघ ओढावी. रेघ मळकी आली तर खडूच्या टोकाला दुसरा रंग लागलेला आहे. ते टोक सुती फडक्याने पुसून पुन्हा रेघ ओढल्यावर ती स्वच्छ आली की निदान पक्के झाले. रेघ स्वच्छ असूनही तुटक, घसरती आली आणि खडू कागदाला धरतच नाही असे वाटले, तर कागद दमट आहे किंवा गुळगुळीत आहे. कोपऱ्यावर रेघ उत्तम आली आणि चित्रावर मात्र तोच खडू चालत नाही असे झाले, तर चित्रातल्या त्या जागी कागदाची रंग धरण्याची ताकद संपलेली आहे. या तपासणीला एक मिनिटही लागत नाही, पण ती न करता मुले आणखी जोर लावतात आणि दुखणे वाढवून ठेवतात.

ऑइल पेस्टलच्या घडणीकडे पाहिले की यातले बरेचसे उलगडते. रंगद्रव्य, मेण आणि कधीही न वाळणारे खनिज तेल यांचे ते मिश्रण असते. जलरंगातले पाणी उडून जाते, तैलरंगातले जवसाचे तेल हवेत हळूहळू घट्ट होते, पण ऑइल पेस्टलमधले तेल तसेच राहते, म्हणून खालचा थर वाळण्याची वाट पाहण्यात अर्थ नसतो. काल लावलेला निळा आजही वरच्या पिवळ्यात मिसळतो. शिवाय हा रंग कागदात मुरत नाही, तो कागदाच्या पृष्ठभागावरच्या बारीक उंचसखल कणांना अडकून बसतो. ते खळगे एकदा भरले की पुढच्या थराला अडकायला जागाच उरत नाही आणि मग खडू मेणावर मेण घासल्यासारखा सरकतो.

उन्हाने हा खडू मऊ पडतो, ही अडचणही त्याच्या जन्मापासूनची आहे. जपानमधल्या साकुरा कंपनीने 1925 मध्ये ‘क्रे-पास’ या नावाने हे खडू बाजारात आणले, ते मुख्यतः शाळकरी मुलांसाठी; मुलांनी नमुन्याची नक्कल न करता डोळ्यांनी पाहिलेले चितारावे, असा आग्रह कानाए यामामोतो या चित्रकाराने तिथे धरला होता आणि त्या विचाराचा या निर्मितीवर प्रभाव होता. सुरुवातीच्या काळात या खडूंचे उन्हाळ्यासाठी वेगळे आणि हिवाळ्यासाठी वेगळे प्रकार विकले जात. आपल्याकडे मिळणाऱ्या पेट्यांवर असा भेद नसतो, त्यामुळे वैशाखात पत्र्याच्या छपराखाली भरणाऱ्या वर्गाची आणि आषाढातल्या ओलसर वर्गाची काळजी आपल्यालाच घ्यावी लागते.

मळ कुठून येतो

पहिला संशय पेन्सिलीवर घ्यावा, आणि नेमका तोच कोणी घेत नाही. मुले 2बी किंवा 4बी पेन्सिलीने ठसठशीत बाह्यरेषा काढतात, चार वेळा खोडून पुन्हा गिरवतात आणि मग त्यावर पिवळा किंवा नारिंगी फिरवतात. शिशाची काळी पूड खडूतल्या तेलात कालवली जाते आणि फळाच्या कडेला करडी किनार तयार होते. हापूस रंगवताना हा दोष सर्वांत उठून दिसतो. बाह्यरेषा एचबी पेन्सिलीने अगदी अस्पष्ट काढावी आणि रंग लावण्यापूर्वी खोडरबराने टिपून आणखी फिकी करावी. त्याहून चांगले म्हणजे ज्या वस्तूचे चित्र आहे तिच्याच फिकट रंगाच्या खडूने, म्हणजे आंब्यासाठी गेरूच्या जवळच्या पिवळ्याने आणि पानासाठी पोपटी रंगाने, आकार बांधावा.

दुसरे कारण पेटीतली खडूंची शेजारधर्माने होणारी घासाघास. पिवळा आणि पांढरा हे दोन खडू सगळ्यांचा मळ गोळा करतात. प्रत्येक वेळी खडू हातात घेतला की टोक फडक्यावर फिरवायचे आणि रद्दीच्या कागदावर एक रेघ ओढून पाहायची, ही सवय लागली की मळाची निम्मी तक्रार तिथेच मिटते. फिकट रंगांसाठी एक फडके आणि गडद रंगांसाठी दुसरे ठेवावे. बोटाने घासायचे असेल तरीही तर्जनी फिकट रंगांना आणि मधले बोट गडद रंगांना, असे वाटून द्यावे. कण्या जमल्या की तळहाताने झाडू नयेत. कागद उभा धरून मागून टिचकी मारावी म्हणजे त्या खाली पडतात. चित्रावर हात टेकवावा लागतो तिथे खाली कोरा कागद असू द्यावा.

तिसरे आणि सर्वांत मोठे कारण काळा खडू. वस्तूला गोलाई द्यायची म्हणजे एका बाजूला काळे करायचे, असे मुलांच्या मनात पक्के बसलेले असते, आणि पेन्सिलीच्या छायांकनाचा सराव झालेला असल्यामुळे ते स्वाभाविकही आहे. पण काळा एकदा खाली गेला की त्या जागी नंतर येणारा प्रत्येक रंग तो गढूळ करून टाकतो. आठवी-नववीपर्यंतच्या वर्गात निसर्गातल्या वस्तू काढताना मी काळा खडू पेटीतून काढूनच ठेवायला सांगतो. पोरे कुरकुरतात, पण काळ्यावाचून अंधार कसा दाखवायचा हे शोधायला लागल्यावर त्यांची नजर समोरच्या वस्तूवर खिळते. लाल आणि हिरवा, पिवळा आणि जांभळा, नारिंगी आणि निळा या जोड्या एकमेकांत मिसळल्या की एकमेकांचा तजेला मारतात, हे रंगचक्रावरून आपण शिकवतोच. हाच गुण सावलीच्या भागात थोडासा वापरला तर काळ्याचे काम त्याहून चांगले होते. सगळीकडे वापरला तर चिखल होतो.

रातांबा रंगवताना

पिकलेला रातांबा लहान लिंबाएवढा असतो आणि दिसायला सोपा वाटतो, पण वर सांगितलेले सगळे दोष एकाच फळात दाखवून देण्याची त्याची ताकद मोठी आहे, म्हणून सरावासाठी मला तोच सर्वांत योग्य वाटतो. प्रथम तो खिडकीजवळ, एकाच बाजूने उजेड येईल असा ठेवावा. नीट पाहिले तर तो सरसकट लाल नसतो. उजेडाकडच्या भागात नारिंगीकडे झुकणारा लाल, मध्यावर गर्द लाल, सावलीत वांगी जांभळा आणि अगदी खालच्या कडेला, टेबलावरच्या कागदाचा उजेड परत येतो तिथे, पुन्हा थोडा उजळ लाल, अशा पायऱ्या दिसतात. देठापाशी जाडसर हिरवट पाकळ्या चिकटलेल्या असतात आणि अंगावर एक लहानशी चकाकी असते.

ती चकाकी आधी ठरवावी आणि त्या जागेला खडू लावूच नये. ‘नंतर पांढरा लावू’ असे म्हणणाऱ्याच्या चित्रात शेवटी गुलाबी डाग पडतो, कारण खालचा लाल वाळलेला नसतो. चकाकी सोडून बाकी सगळ्या फळावर नारिंगीचा हलका थर द्यावा. हलका म्हणजे खडूच्या वजनाइतकाच दाब, कागदाचे पांढरे ठिपके मधूनमधून दिसत राहिले पाहिजेत. त्यावर लाल, पण उजेडाकडचा भाग सोडून. मग सावलीकडे किरमिजी, त्याच्याही पलीकडे जांभळा आणि सर्वांत गर्द जागी गडद निळ्याच्या चार-दोन रेघा. रेघा फळाच्या गोलाईप्रमाणे वळवाव्यात, आडव्या-उभ्या सरळ ओढू नयेत. एवढे होईपर्यंत कुठेही जोर लावायचा नाही. शेवटी लाल खडू पुसून घ्यावा आणि उजेडाकडून सावलीकडे, याच दिशेने, एकदाच दाबून घोटावे. उलट दिशेने घोटले तर निळा उजेडात ओढला जातो आणि फळ नासल्यासारखे दिसते. हिरव्या पाकळ्यांची जागा लालने भरून मग तिच्यावर हिरवा चढवू नये. ती सुरुवातीपासून मोकळी राखावी. फळाची टेबलावर पडलेली सावली निळसर तपकिरी ठेवावी, फळाला टेकते तिथे ती गडद असावी आणि दूर जाताना विरत जावी.

हे जमले की करवंद, जांभूळ, काजूचा बोंडू यांना वेगळे काही सांगावे लागत नाही.

जिथे घासायचेच नसते

ऑइल पेस्टल म्हणजे बोटाने घासून गुळगुळीत करणे, ही समजूत आपल्याकडे फार फोफावली आहे आणि जांभ्यासारख्या दगडाच्या बाबतीत ती चित्राचा जीवच घेते. जांभ्याला भोके असतात, गंजासारखे तांबूस, पिवळट आणि काळपट डाग असतात, त्याच्या पृष्ठभागावर कुठेही सलग रंग नसतो. इथे कागदाचा खरखरीतपणा निम्मे काम आपण होऊन करतो. खडू आडवा धरून तपकिरी, गेरू आणि नारिंगी यांचे हात हलके फिरवावेत, कागदाचे खळगे तसेच राहू द्यावेत आणि मोठी भोके गडद तपकिरीने टिंबांसारखी दाबून भरावीत. ज्या मुलाच्या चित्रात कागद ‘रंग घेत नाही’ म्हणून तक्रार असते, त्याला कधी कधी हाच दगड काढायला द्यावा. त्याचा तुटक थर इथे दोष ठरत नाही.

शिंपल्याची अडचण वेगळी. तिसरीच्या पाठीवरच्या बारीक, एकामागोमाग एक वळत जाणाऱ्या रेषा खडूच्या जाड टोकाने काढता येत नाहीत, मुले मात्र प्रयत्न करतात आणि चार रेषांत शिंपला भरून जातो. दोन गोष्टी कराव्यात. शिंपला कागदावर तळहाताएवढा मोठा काढावा, कारण खऱ्या मापात काढलेल्या वस्तूला हे माध्यम न्याय देऊ शकत नाही. आणि रेषा रंगाने काढण्याऐवजी कोरून काढाव्यात: खाली मोतिया किंवा फिका पिवळा रंग दाबून, भरगच्च लावावा, वर तपकिरी आणि करड्याचा पातळ थर द्यावा आणि झाडूच्या हिराच्या टोकाने शिंपल्याच्या वळणाप्रमाणे वरचा थर खरवडत जावे, म्हणजे खालची फिकी रेषा उघडी पडते. सेफ्टी पिनेपेक्षा हीर बरा, कारण त्याने कागद फाटत नाही.

पानाच्या शिरांसाठी याच्या उलट युक्ती आहे. फणसाच्या किंवा जास्वंदीच्या पानावरच्या फिकट शिरा हिरव्यावर पांढऱ्याने काढल्या की दुधाळ हिरवे पट्टे होतात. रंग लावण्यापूर्वीच शाई संपलेल्या बॉलपेनने, कागदाखाली रद्दीची घडी ठेवून, शिरा दाबून ओढाव्यात. नंतर आडव्या धरलेल्या खडूने हिरवा फिरवला की तो त्या खाचांत उतरत नाही आणि शिरा आपोआप उमटून दिसतात. आधी पोपटीचा हलका हात देऊन मग खाच पाडली तर शिरा पोपटी राहतात.

किनाऱ्यावरून गोळा करून आणलेले शिंपले तसेच टेबलावर मांडू नयेत. रत्नागिरीतल्या मांडवीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूचा एखादा कण खडूच्या टोकात रुतला तर तो प्रत्येक रेघेबरोबर कागद ओरखडत जातो आणि मूल खडूला ‘खडे आहेत’ म्हणून दोष देते. शिवाय समुद्राचे मीठ हवेतला ओलावा ओढून घेते, त्यामुळे न धुतलेला शिंपला ज्या कागदावर ठेवला असेल तो कागद सर्द होतो. गोड्या पाण्याने धुऊन, वाळवून मगच शिंपले वर्गात न्यावेत.

कागद आणि हवा

रत्नागिरीसारख्या ठिकाणी वर्षाला 3,000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येतो. त्या दिवसांत उघड्या कपाटातला चित्रकलेचा कागद सादळलेल्या पापडासारखा लुळा पडतो. हातात धरून हलवला तर खडखडत नाही. अशा कागदाचे तंतू फुगलेले असतात आणि तेलकट खडू त्यांना धरत नाही. गठ्ठा प्लॅस्टिकच्या पिशवीत, नव्या चपला-पर्सबरोबर येणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या घालून, तोंड बंद करून ठेवावा आणि कोनाड्याऐवजी पत्र्याच्या पेटीत ठेवावा. तासाच्या आदल्या दिवशी लागणारे कागद काढून पंख्याखाली सुटे पसरावेत. अगदीच सर्द असतील तर दोन कोऱ्या कागदांमध्ये ठेवून कोमट इस्त्री फिरवावी. हे फक्त कोऱ्या कागदाला करायचे. रंगवलेल्या चित्रावर इस्त्री फिरवली तर मेण वितळते.

कागद निवडताना पोत पाहावा. स्वस्त चित्रकला वहीचा पातळ, गुळगुळीत कागद दोन थरांतच भरून जातो. 150 जीएसएमच्या (चौरस मीटरला 150 ग्रॅम वजनाच्या) आसपासचा कार्ट्रिज कागद शाळेसाठी पुरेसा आहे. कार्डशीटची एक बाजू चकचकीत असेल तर रंग उलट, खरखरीत बाजूवर करावा. हातकागद मिळाला तर उत्तमच, पण त्याच्या अतिखडबडीत प्रकारावर लहान मुलांचा खडू फार खर्च होतो.

उन्हाळ्यात खडू मऊ पडतात, बोटांना चिकटतात आणि कागदावर लागण्याऐवजी लादले जातात. यावर घरोघरी केला जाणारा उपाय म्हणजे पेटी फ्रिजमध्ये ठेवणे. आपल्या हवेत तो फसतो, कारण थंड खडू बाहेर काढताच त्यावर पाण्याचे दव जमते आणि ओला खडू कागदावरून घसरतो. ठेवायचीच असेल तर पेटी घट्ट पिशवीत ठेवावी आणि बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडू नये. खरे तर खडूवरचा कागद सोलून न टाकणे एवढे पथ्य पाळले तरी पुष्कळ होते. मुलांना तो सोलण्यात विलक्षण आनंद असतो, पण हाताच्या उबेने उघडा खडू फार लवकर मऊ पडतो.

बिघडलेले चित्र सावरताना

ज्या जागी थर भरून गेला आहे तिथे खोडरबर चालवू नये, तो रंग फक्त पसरवतो. प्लॅस्टिकच्या जुन्या पट्टीची कड कागदाशी तिरपी धरून वरचा रंग हळूहळू खरवडून काढावा, कण्या झटकाव्यात, राहिलेला चिकट थर कापसाच्या कोरड्या बोळ्याने टिपावा आणि मग नवा रंग लावावा. लहान जागेवरचा रंग सेलोटेपचा तुकडा हलकेच टेकवून उचलता येतो, मात्र टेप दाबला तर कागदाचा पापुद्रा निघतो. एकाच जागी हे दोनदा केले की कागदाचे तंतू सुटतात. त्यानंतर ते चित्र सोडून द्यावे आणि दुसरा कागद घ्यावा.

टर्पेंटाइनने थर पातळ होतो हे खरे, पण त्याच्या वाफा मुलांच्या बंद वर्गात नकोत, आणि रॉकेल तर मुळीच नको. खोबरेल तेल घरात हाताशी असते म्हणून काही जण तेच लावतात. त्याने रंग पसरतो, पण कागदावर पारदर्शक तेलकट डाग पडतो आणि तो कायम राहतो. तसाच डाग जास्त झालेल्या बेबी ऑइलनेही पडतो, म्हणून तेही इअरबडच्या टोकावर जेमतेम ओलसर लागेल एवढेच घ्यावे आणि आधी रद्दीच्या कागदावर पुसावे.

चित्र पूर्ण झाल्यावरही हा रंग वाळत नाही, हे ठेवणीच्या वेळी विसरले जाते आणि एकावर एक रचलेल्या गठ्ठ्यात प्रत्येक रातांब्याचा ठसा वरच्या चित्राच्या पाठीवर उमटतो. प्रत्येक चित्रावर बटर पेपर ठेवावा. प्लॅस्टिकला रंग चिकटून निघतो, म्हणून ते वापरू नये. कोरड्या पेस्टलसाठी मिळणारा फवारा या तेलकट थरावर नीट बसत नाही, त्यावर पैसे घालवू नयेत. चौकटीत लावायचे झाल्यास काच आणि चित्र यांच्यामध्ये माउंटची जाडी असावी. पावसाळ्यानंतर चित्रावर पांढरट थर दिसला तर तो मेण वर आल्यामुळे असू शकतो किंवा बुरशीमुळे. मऊ फडक्याने हलकेच पुसल्यावर तो गेला आणि कागदाची पाठ स्वच्छ असली तर मेण समजावे. पाठीवरही ठिपके असतील आणि कुबट वास येत असेल तर ते चित्र ताबडतोब बाकीच्या गठ्ठ्यातून वेगळे करून उन्हाच्या कवडशात न ठेवता सावलीत, वाऱ्यावर वाळवावे.